दुसऱ्या पारड्यातले

वजने बदलल्याची गोष्ट आपल्याकडे सहसा एका ओळीत उरकतात: इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर पौंड-औंस गेले आणि किलो-ग्रॅम आले. मुंबईच्या गोदीपुरते हे चालून जाईल. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बाजाराला ते लागू पडत नाही. इथे पौंड होता तो छावणीत, रेल्वेच्या मालधक्क्यावर, दवाखान्यात आणि १८८९ साली सुरू झालेल्या कापडगिरणीत. फार तर चहा-बिस्किटांच्या डब्यांवर छापलेला दिसे. शहागंजात किंवा गुलमंडीवर ज्वारी घ्यायला आलेल्या माणसाने पौंड कधी मागितला नाही आणि दुकानदाराने तो तोलला नाही. मग किलो आला तो कोणाला उठवून त्या जागी बसला? माझे म्हणणे असे की, या शहरात किलोने दोन जुन्या साक्षीदारांना हटवले. एक, राज्यकर्त्याचे नाणे आणि दोन, गावाचे माप. पौंडाचा किलो करणे हा गुणाकार आहे, कोणालाही जमतो. नाण्याच्या आणि मापाच्या जागी सरकारी शिक्क्याचे लोखंड बसवणे हा सत्तेचा आणि विश्वासाचा मामला होता, आणि तो जिथे जमला तिथेच किलो रुजला.

आधी नाण्याचे पाहू. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले. त्या काळातला मोगली शेर दाम नावाच्या तांब्याच्या नाण्यावर मोजला जाई: अकबराच्या वेळी तीस दामांचा, शहाजहानच्या वेळी चाळीस दामांचा. बादशहा बदलला की शेर बदलला. पुढे कंपनी सरकारने १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला, म्हणून ऐंशी रुपये भाराचा तो पक्का शेर. ही पद्धत अडाणी वाटते, पण तिच्यात मोठा शहाणपणा होता. वजने तपासणारा निरीक्षक नाही, प्रमाणित वजने बनवणारा कारखाना नाही, अशा काळात सर्वत्र सारखी आणि कोणाच्याही कनवटीला सापडणारी धातूची वस्तू एकच, ती म्हणजे टांकसाळीतून आलेले नाणे. वाण्याच्या दगडावर विश्वास नसेल तर दुसऱ्या पारड्यात रुपये टाकावेत, भांडण मिटले. मात्र औरंगाबाद पुढे ज्यात आले त्या निजामाच्या मुलखात, म्हणजे हैदराबाद संस्थानात, यालाही एक मेख होती. संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार हे दोन रुपये वेगवेगळ्या वजनाचे. कलदार ११.६६ ग्रॅमचा, हाली ११.१८ ग्रॅमच्या आसपास, शिवाय चांदीही कमी कसाची. म्हणून सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब चाले. आता ऐंशी कलदार तराजूत टाका, ९३३ ग्रॅम भरतात. ऐंशी हाली टाका, ८९४ ग्रॅम. शेरामागे ३९ ग्रॅमची, म्हणजे तीन तोळ्यांहून जास्त तफावत. चाळीस शेरांच्या मणावर ती दीड किलोच्या पुढे जाते. मनमाडच्या बाजूने आलेल्या गिऱ्हाइकाचा शेर आणि संस्थानातल्या गिऱ्हाइकाचा शेर एकाच नावाचा असला तरी एकाच भाराचा असेलच असे नव्हे. ‘शेर कितीला’ याच्या आधी ‘शेर कोणत्या रुपयाचा’ हे ठरावे लागे.

दुसरा साक्षीदार माप. सोने, तूप, गूळ, कापूस या वस्तू तोलायच्या. धान्य मात्र मोजायचे, आणि खेड्यांत तर ते वजनावर क्वचितच जाई. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा (काही गावांत सोळा) मण आणि वीस मणांची खंडी. खळ्यावर बलुतेदाराला द्यायचे ते पायलीने, सालगड्याचे साल ठरायचे ते पायलीने, सावकाराचे दाणे फेडायचे ते पायलीने. या मापाची किल्ली मापाऱ्याच्या हातात असे. उंचावरून जोरात ओतले तर दाणे दाबून बसतात आणि पायलीत जास्त मावतात. अलगद ओतले तर पोकळ राहतात. काठाशी सपाट केले तर एक हिशेब, वर शीग लावली तर दुसरा. घेताना शिगेने घ्यायचे आणि देताना सपाट द्यायचे, ही सावकारी जुनीच आहे आणि ती करायला मापात खोट लागत नाही, हात पुरतो. शिवाय पायलीभर ज्वारी, पायलीभर बाजरी आणि पायलीभर सरकी यांचे वजन एक नाही. ओल्या आणि वाळल्या ज्वारीचेही नाही. तेव्हा एक पायली म्हणजे किती किलो, या प्रश्नाला एक उत्तर नाही. जुन्या वजनांची कोष्टके दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत देणाऱ्या पुस्तकांत ही गोष्ट हमखास गाळलेली असते.

भाव सांगण्याची रीतही याच जगातली होती. ‘शेराला किती पैसे’ असे न विचारता ‘रुपयाला किती शेर’ असे विचारले जाई. रुपया स्थिर, धान्य खाली-वर. १८९९-१९००च्या दुष्काळासारख्या वर्षी भाव वाढले म्हणजे रुपयाला मिळणारे शेर घटले. सरकारी दप्तरातही किमतींची नोंद अशीच होई. या रीतीत वजन हाच भाव होता. म्हणून वजनाला हात लावणे म्हणजे केवळ तराजू बदलणे नव्हे, महागाई मोजण्याची माणसाची सवय उलटी करणे होते. रुपयाला शेराऐवजी किलोला रुपये, हा बदल मला मण-क्विंटलच्या बदलापेक्षा मोठा वाटतो. त्यावर फारसे कोणी लिहीत नाही, ही आश्चर्याची गोष्ट.

इंग्रजांनी हे सगळे सरळ करण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० आणि १८७१ साली, हिंदुस्थान सरकारने वजनांचे कायदे केले आणि त्यांत शेराची व्याख्या चक्क एका किलोग्रॅमइतकी ठेवली. कायदा झाला, अंमल कधीच झाला नाही. त्या विचाराची एक खूण मात्र जमिनीवर राहून गेली, ती म्हणजे मीटर गेज रेल्वे. देश लवकरच मेट्रिक होणार या हिशेबाने लहान रेल्वेमार्गांच्या रुळांतले अंतर एक मीटर धरले गेले, आणि १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीकडे गेलेला हैदराबाद-गोदावरी व्हॅली मार्ग याच मापाचा होता. नव्वदीच्या दशकात तो ब्रॉडगेज होईपर्यंत या शहरात शिरणारी प्रत्येक गाडी मीटरवर धावली. चाकांखाली फ्रान्सचा मीटर आणि वर डब्यात मात्र ८२ पूर्णांक दोन सप्तमांश पौंडांचा मण! हा विचित्र आकडा कोणी लहरीने ठरवलेला नाही. पौंड ७,००० ग्रेनचा आणि तोळा १८० ग्रेनचा. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण केला की तेवढेच येतात. पस्तीस शेर म्हणजे बरोबर ७२ पौंड. पण हाच माल मुंबईला उतरला की तिथला मण २८ पौंडांचा, मद्रासेकडे गेला तर २५ पौंडांचा. इकडे हैदराबाद संस्थानातल्या व्यापारात १२० शेरांचा पल्ला, म्हणजे आजचे सुमारे ११२ किलो. जालन्याचा कापूस मुंबईत विकला जाई तो ७८४ पौंडांच्या खंडीने, म्हणजे अठ्ठावीस मुंबई मणांनी. पौंडाची या भागातली खरी भूमिका ही होती: दोन देशी मणांमधला दुभाष्या. घरात त्याला कोणी घेतले नाही, पेढीवर मात्र त्याच्यावाचून अडे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ साली वजनांचा मध्यवर्ती कायदा होऊन ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण प्रमाण ठरला, पण संस्थानाला तो बांधील नव्हता. तरीही प्रमाणित तोलाची गरज किलोच्या पुष्कळ आधी जाणवू लागली होती. शेजारच्या वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ सालीच कापसाचा नियंत्रित बाजार बसला. १९२८च्या शाही शेती आयोगाने वजनांच्या अनागोंदीवर बोट ठेवून असे बाजार वाढवण्याची शिफारस केली, आणि निजाम सरकारने १९३० साली आपला शेतीमाल बाजार कायदा केला. या साऱ्यांमागची तक्रार एकच होती. शेतकरी शेर म्हणजे काय हे जाणत होता; त्याला सलत होते ते हे की, तराजू, वजन आणि तोलणारा हे तिन्ही खरेदीदाराचे. कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय या नावांनी होणारी कपात तर वेगळीच. म्हणजे मागणी सोप्या गुणाकाराची नव्हती, त्रयस्थाची होती.

मग आले ते धांदलीचे दशक. सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान संपले. पुढची काही वर्षे हाली आणि भारतीय रुपया शेजारी शेजारी चालले. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने मेट्रिक वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ला नया पैसा आला, १ ऑक्टोबर १९५८पासून निवडक भागांत किलो आला, १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला आणि १९६२पर्यंत जुनी वजने देशभर बाद झाली. राज्य, सरकार, नाणे, वजन, सगळे बारा-चौदा वर्षांत. पुण्या-मुंबईच्या माणसाला फक्त आणे-शेरांचे हिशेब बदलावे लागले. औरंगाबादच्या माणसाला आधी हालीतून कलदारात यावे लागले, मग आण्यातून नव्या पैशांत, मग शेरातून किलोत. यावरून हा भाग जास्त गोंधळला असेल असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला उलटे वाटते. दोन रुपयांत सातास सहाचा हिशेब ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी केला, त्यांना एक किलो म्हणजे एक शेर सहा तोळे हे शिकायला कितीसा वेळ लागणार?

यावर पहिला आक्षेप असा येईल की, सामान्य गिऱ्हाइकाला या बदलात लुटले गेले आणि ते विसरून विश्वासाच्या गोष्टी करणे हा शहाजोगपणा आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आकड्यात दाखवता येते. उदाहरणादाखल ज्वारी चार आणे शेर धरू. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे, ते ९३३ ग्रॅमचे. किलो शेरापेक्षा सात टक्क्यांनी मोठा, म्हणून किलोचा न्याय्य भाव २६.८ नवे पैसे. दुकानदार सत्तावीस घेणार. किलोभर नेणाऱ्याचा तोटा नगण्य. पण रोजच्या मजुरीवर पाव-पाव नेणाऱ्याचे काय? पाव किलोचे होतात ६.७ नवे पैसे, घेतले जाणार सात. चार वेळा पाव नेला की किलोला अठ्ठावीस पडले, म्हणजे साडेचार टक्के जास्त. पूर्णांकात बसवण्याचा भुर्दंड नेहमी लहान खरेदीवर बसतो, आणि लहान खरेदी गरिबाची असते. हे मान्य. पण या भुर्दंडाला एक मर्यादा होती: भाव पुन्हा हलले की तो विरघळून जाई. शिगेच्या मापाला, हलक्या दगडाला आणि हातचलाखीला अशी मर्यादा नव्हती. ती लूट दर हंगामाला, दर खळ्यावर नव्याने होई. दोन्ही तोटे एकाच तागडीत घातले तर कुठले पारडे खाली जाईल, याबद्दल मला शंका नाही.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे: किलो टिकला तो दहाच्या पटीमुळे, हिशेबाच्या सोयीमुळे, साक्षीदार वगैरे नंतरची सजावट. पण बाजाराने दहाची पट घेतलीच नाही. पाव, अर्धा, अदपाव हे निम्मे-निम्मे करत जाणे आजही चालू आहे. कायद्याच्या वजनांत ५००, २००, १००, ५० ग्रॅम अशी मालिका आहे. अडीचशेचे वजन त्यात नाही. म्हणून भाजीवाली पाव किलो मिरची तोलताना दोनशेचे आणि पन्नासचे अशी दोन वजने टाकते. दशमान पद्धत तिच्या सवयीला जुळली नाही, तिने सवयीला दशमान वजने जुळवून घेतली. मग नवे काय होते? ते षट्कोनी लोखंडी वजन हातात घेऊन उलटे केले की दिसते. त्यात एक खाच असते, खाचेत शिसे ओतलेले असते आणि त्या मऊ शिशावर निरीक्षकाचा ठसा. वजन घासून हलके करता येते, पण ठरलेल्या मुदतीने ते पडताळून ठसा नवा करून घ्यावा लागतो आणि तिथे चोरी उघडी पडते. रुपये टाकून शेर पडताळण्याची जुनी रीत जे काम करी, तेच काम आता शिसे करू लागले. आणि नाण्याचे काय झाले? त्याची आणि वजनाची जागा अदलाबदल झाली. नव्या दशमान नाण्यांत पंचवीस पैशांचे निकेलचे नाणे अडीच ग्रॅमचे आणि पन्नासचे पाच ग्रॅमचे पाडले गेले. आधी वजन नाण्यावरून ठरत होते, आता नाणे ग्रॅमवरून ठरले. दाम ते हाली अशा साडेतीनशे वर्षांच्या नात्याचा शेवट मला या बारक्या नाण्यांत दिसतो.

किलो कुठे रुजला नाही हे पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जालन्यातला किंवा सिल्लोडचा शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, पण जिनिंगमधून बाहेर पडलेल्या रुईचा भाव आजही खंडीवर बोलला जातो, आणि ही खंडी म्हणजे तीच ७८४ पौंडांची, सुमारे ३५६ किलोची. सुताचा नंबरही तसाच: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात, त्यावर चाळीस नंबर, साठ नंबर ठरते. ज्या व्यापारात दोन्ही बाजू तितक्याच जाणत्या आणि तितक्याच दांडग्या, तिथे जुने माप टिकले, कारण तिथे त्रयस्थाची गरज कोणालाच नव्हती. सराफ्यात तिसराच प्रकार झाला. तोळा हे नाव राहिले आणि ते ११.६६ ग्रॅमवरून दहा ग्रॅमवर आले. पाच तोळे म्हटले की पूर्वी ५८ ग्रॅमहून जास्त सोने होई, आज पन्नास. उलट धान्याचा मण ३७.३२ किलोवरून बोलताना सरळ चाळीसवर गेला. वाट्याने जमीन कसणारा जर ‘आजोबांच्या वेळेपासून ठरलेले दहा मण’ देत असेल, तर तो आजोबांपेक्षा जवळजवळ सत्तावीस किलो जास्त देतो आहे. सोन्याचा शब्द आटला, दाण्याचा फुगला. एकच नियम असता तर दोन्ही एकाच दिशेला गेले असते.

कोणी म्हणेल, मग ही पद्धत अर्धवटच यशस्वी झाली. मी तसे म्हणणार नाही. जाधववाडीच्या बाजार समितीत आज मापाडी हा परवानाधारक माणूस आहे, पण तो माप धरत नाही, इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा वाचतो. त्याच्या धंद्याचे नाव जुने आणि हातातली सत्ता गेलेली. १९६३च्या बाजार कायद्याने आणि पुढे २००९च्या वैध मापन कायद्याने ती सत्ता काट्याकडे आणि काटा तपासणाऱ्याकडे सोपवली. आता काटा कसा लावला आहे, शून्यावर आहे का, शेवटचा ठसा कधीचा, हे प्रश्न विचारायचे ते त्या तपासणाऱ्याला. जुन्या शेतकऱ्याला दगडाबद्दल जो संशय घेता येत होता, तो आजच्या गिऱ्हाइकाने काट्याबद्दल घ्यायला हरकत नाही. ठशाचे वर्ष काट्यावर पाहायला मिळते आणि पडताळणीचा दाखला दुकानात लावलेला असायला हवा.

एक काम मात्र सरकारी कोष्टकांनी केलेले नाही आणि ते वाचकच करू शकतात. मराठवाड्यात अनेक घरांत माळ्यावर पितळी किंवा लाकडी पायली, अधोली, मापटे पडून आहे. भंगारात घालण्यापूर्वी त्यात एकदा सपाट आणि एकदा शीग लावून ज्वारी भरा, किलोच्या काट्यावर तोला, आणि दोन्ही आकडे गावाच्या नावासह एका कागदावर लिहून ठेवा.